रातच्या पाळीचं पाणी

७ जानेवारी

आणि वर तोंड करून म्हणणार, मी काय केलं! पाण्याची पाळी आमची, लाईट आमच्या वाट्याची — आणि मोटार चालू करणार हे! काल पुन्हा तेच. माझी वेळ संपून मोटार बंद झाली, आणि नंतर कुणीतरी बटण दाबून परत चालू केली. पहाटेपर्यंत चालली. मी इथं गुजरातेत. अप्पा घरात झोपलेले. मग काय विहिरीनंच हात बाहेर काढून बटण दाबलं?

दादाच. दुसरं कोण.

वाटणी झाली तेव्हा विहीर एक, मोटार एक. म्हणून पंचांनी पाळी लावून दिली. एक आठवडा आमचा, एक दादाचा, सोमवारी बदल. लाईटचं पण तसंच — एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रातीची. दोन्ही अशा बसल्या की आमच्या पाळीला कायम रातच येते. दादाला कायम दिवस! उजेडात पाणी घेतो, बाभळीखाली बसून भाकर खातो. तरी पोट भरेना.

माय म्हणते, जाऊ दे रं. दोन वर्षं झाली तेच. जाऊ दे.

८ जानेवारी

काल रागात अर्धंच लिहिलं.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा अप्पांना परभणीला नेलं होतं. डॉक्टरनं छातीला वायरी लावून कागद काढला. म्हणाला, ह्यांना रातीची थंडी नको, फावडं नको, रात्रीचं रानात जाणं तर बिलकुल नको. अप्पा छताकडं बघत बसले, जसं शेजारच्या पेशंटचं बोलणं चाललंय.

म्हणून मी वालूरला, आमच्या गावी, परत येऊन पहिलं काम काय केलं, तर विहिरीवर मोबाईलवाला स्टार्टर बसवला. पेटीत सिम आहे. इथून फोन लावला की तिथं मोटार चालू होते. कुणी हातानं बटण दाबलं, लाईट गेली, मोटार बंद झाली, सगळ्याचा मला मेसेज येतो. परमेश्वर म्हणून रोजानं येणारा गडी आहे, तो दिवसा हरभऱ्यात तुषारचे पाईप मांडून जातो, रात्री जेवण झालं की मी इथून पाणी सोडतो. गाव लय हसलं. पेटी बसवणारा दत्तराव वायरमन म्हणाला, 'योग्या, तू तिकडून पाणी पाजणार, तर हिकडं खुरपायला पण एखादी मशीन दे की पाठवून.'

पण गव्हाचं काय करू? विहिरीजवळचं वीस गुंठे. मी पेरू नका म्हणत होतो. गव्हाला दारं धरायला माणूस उभा लागतो. एका वाफ्याचं दार फोडायचं, भरला की बांधायचं, दुसऱ्याचं फोडायचं. थंडीत, चिखलात, रातभर. फोननं होत नाही ते. अप्पांनी तरी पेरला. विकतच्या गव्हाच्या पोळीला चव नसते म्हणे! शेवटी म्हणलं, पेरला ना? आता वाळला तर वाळू द्या, पण तुमी रात्री जायचं नाही. हो म्हणाले. लवकर हो म्हणाले, त्याचीच भीती वाटते.

खोलीत रेंज नाही. सकाळी लिंबाखाली गेलो की मेसेज येतात. बटण दाबलेलं दिसलं की पहिलं मनात येतं, अप्पा गेले की काय रानात.

आज शपथ घालून विचारलं. म्हणाले, 'न्हाई गेलो. लिंगाची आण.'

गळ्यातल्या लिंगाची खोटी आण अप्पा जीव गेला तरी घेणार नाहीत. म्हणजे दादाच.

१० जानेवारी

इथं पण विहिरीच आहेत. तेलाच्या! पण डोकावून बघायला काही नाही. जमिनीतून एक पाईप वर आलेला, आणि त्यावर एक लोखंडी धूड दिवसरात्र मान वरखाली करत असतं. मी त्याला नंदीबैल म्हणतो. सुट्टी मिळेल का? हो. पगार वाढेल का? हो. गावाकडं सगळं ठीक आहे का? हो, हो.

पाईपाला पेटी बसवलीय, वर सोलर. विहिरीतून किती तेल आलं ते पेटी बसल्या जागी अहमदाबादच्या ऑफिसाला कळवते. ते खरं का खोटं बघायचं काम माझं. टाकीच्या शिडीवर चढायचं, टोकाला पितळी गोळा असलेली पट्टी आत सोडायची, तळाला टेकली की वर ओढायची आणि तेल कुठवर लागलंय ते वाचायचं. पेटी आणि पट्टी जुळली पाहिजे.

जुळत नाही! बरेच दिवस झाले. पेटी म्हणते जास्त आलं, टाकीत भरतं कमी. मग मधलं तेल कोण पितो? टाकी खाली करायला भुराभाई टँकर घेऊन येतो. दुसरं कुणी येत नाही. मी ऑफिसात सांगून टाकलं.

ऑफिसाच्या फोनवर धम्मशीलाताई असते. आपल्या परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेची! पहिल्याच दिवशी माझं 'करायलोय', 'जायलोय' ऐकून हसायला लागली. कोणत्या तालुक्याचा रे तू? सेलू म्हणलं तर म्हणाली, वाटलंच. आज तिला म्हणलं, ताई, हा माणूस चोर आहे. तर म्हणते, 'योगीराज, आकडा जुळला न्हाई की पहिलं माणसावर जायचं नसतं. कॉक बघायचे, पाईप बघायचे. माणूस सगळ्यात शेवटी.'

तिला काय. पंख्याखाली बसून माणसं चांगलीच दिसतात.

१४ जानेवारी

संक्रांत. इथली सगळी जनता छपरावर, आभाळात पतंगच पतंग. भुराभाईनं चिक्की पुढं केली. मी घेतली नाही. दात दुखायलाय म्हणलं.

घरी फोन केला. माय म्हणाली, त्रिवेणीनं तिळगूळ आणून दिला. त्रिवेणी म्हणजे वहिनी, दादाची बायको! म्हणलं, तिचं येणं-जाणं आहे घरी? 'बायकांचं बंद कधी होतं? बंद तुमचं हाय.' दोन वर्षं मला पत्ता नाही!

दादा कसा बोलायचा ते आठवायला लागलो तर सेलूचं स्टेशनच आठवतं. मी निघालो त्या दिवशी तो मागून मोटारसायकलवर आला. सोडायला नाही, भांडायला. म्हणे, म्हातारा-म्हातारी तुझ्या वाट्याला आली आणि तू रेल्वेत बसायलास? पुण्यात टिकला न्हाईस, हैदराबादेत टिकला न्हाईस, तुझ्या पायाला भिंगरी हाय. मी पण सोडलं नाही. तुला रस्त्याकडचं रान मिळालं, आता आणखी काय पाहिजे? वाटणीत अप्पांनी माझी बाजू घेतली होती, 'पुन्हा माझा उंबरा चढू नको' म्हणाले होते त्याला. ते पण तोंडावर मारलं. भांडता भांडता गाडी सुटली. भांडण अर्धंच राहिलं. माझी पाण्याची बाटली त्याच्या हातात राहिली होती, ती त्यानं गाडीसोबत पळत येऊन खिडकीतून आत टाकली — फेकून मारल्यासारखी.

१९ जानेवारी

आजपासून पाळी आमची. बघू.

२१ जानेवारी

परवा रात्री. काल रात्री. दोन्ही रात्री बटण! त्याच्या पाळीत दिवसभर पाणी घेऊन झालं, आता आमच्या पाळीत रात्रीची चोरी. विहीर काय आटणारच नाही? हरभऱ्याचं शेवटचं पाणी राहिलंय अजून.

दत्तरावला फोन लावला. म्हणलं, स्टार्टरच्या पेटीला कुलूप घाल. आमच्या पाळीपुरतं, सोमवारी काढ. माझा फोन चालेल, पण हात लावता येणार नाही असं कर. दत्तराव म्हणाला, 'कुलूप काय, घालतो. पन एकदा रानात चक्कर मारून बघू का आधी?' म्हणलं, चक्कर कशाला? चोर मला इथून दिसायलाय. 'तुझा भाऊ, तुझं तू बघ बाबा,' म्हणून फोन ठेवला.

किल्ली मायकडं द्यायला सांगितली. अप्पांना पण सांगितलं.

२२ जानेवारी

कुलूप लागलं. फोटो आला. पितळी, चांगलं जाड.

रात्री हरभऱ्याला पाणी सोडलं, वेळेवर बंद झालं. सकाळी लिंबाखाली तोच एक मेसेज. दुसरा नाही. लय दिवसांनी चहा गोड लागला.

२३ जानेवारी

आज पण काही नाही. जिंकलो!

२४ जानेवारी

धम्मशीलाताई गाडी घेऊन इथं आली. फोनवरून वाटायची त्यापेक्षा बारकी आहे, आणि पायात केवढे मोठे बूट! माझ्यासोबत टाकीवर चढली, पट्टी सोडली, वाचली. माझा आकडा बरोबर निघाला. पेटी तपासली. ती पण बरोबर! मग खाली उतरून पाईपाच्या कडेकडेनं चालत गेली. पलीकडच्या जुन्या टाकीकडं जाणारा एक कॉक आहे, कायम बंद असतो. ती तिथं खाली बसली, पाईपाला तळहात लावला, मग माझा हात धरून तिथं ठेवला. गरम. आतून तेल जायलंय. कॉक बंद दिसतो, पण पुरता बसत नाही.

जुन्या टाकीत पट्टी सोडली तर तेल! सगळं तिथंच. कुणी थेंब नेला नव्हता.

ती आकडा लिहून घेऊन निघाली. बोलली असती तर बरं झालं असतं. भुराभाईच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. त्याला ऑफिसातून कळलं होतं, मी काय म्हणलो ते. त्यानं थर्मासचा चहा झाकणात ओतला, अर्धा मला दिला, आणि विचारलं, दात बरा झाला का?

पण तेलाच्या कॉकचं वेगळं. दादाचं वेगळं. पाईप काही स्टेशनवर येऊन भांडत नाही.

तरी संध्याकाळी मायला फोन केला. म्हणलं, उद्या जरा रानात जाऊन बघ ना, ओल कुठं आहे? त्याच्या रानात आहे का... माय म्हणाली, पाय दुखायलेत. मग म्हणाली, कुकर लावलाय. माय आजवर कुकरसाठी फोन ठेवत नव्हती. कुकर होऊन वरण जळायचं, तरी बोलत बसायची.

२५ जानेवारी

दुपारी मायचा फोन. ती स्वतःहून दुपारी फोन करत नाही. पहिलं अप्पांचंच विचारलं. पण अप्पांचं काही नव्हतं.

सकाळी दादा घरी आला होता.

अप्पा पूजेला बसले होते. तळहातावर लिंग घेतलं की ते बोलत नाहीत, मान वर करत नाहीत. दादा दारात येऊन उभा राहिला. उंबरा चढला नाही. माय म्हणते, 'मी ये म्हणू का नको म्हणू? ह्यांची पूजा चालू.' तो तसाच उभा. पायाला गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल. अप्पांनी पूजा नेहमीसारखी केली. का जरा जास्तच लांबवली, मायला काही सांगता येईना. झाल्यावर लिंग गळ्यात बांधलं, विभूती लावली, आणि भिंतीकडं बघत मायला म्हणाले, 'काय पायजे म्हणावं.'

'किल्ली,' दादा म्हणाला.

'कशाची म्हणावं.'

'पेटीची. गव्हाचं अर्धं वावर राहिलंय. पोटरीत आलाय गहू. आता पानी न्हाई भेटलं तर दाना भरायचा न्हाई. चार राती येऊन माघारी चाललोय मी.'

मायला विचारलं, कुठल्या गव्हाचं? ती माझ्यावरच चिडली. 'आपल्या! दुसऱ्या कुनाच्या गव्हाची किल्ली मागंल तो?'

वाटणीतल्या माझ्या वीस गुंठ्याची दारं दादा धरत होता. आमच्या पाळीत, आमच्या रातीला. आपला दिवसभराचा रोज करून. मागच्या पाळीला पण तोच. अप्पांना दिवाळीत दवाखान्यात नेलं ते त्याला वहिनीकडून कळलं होतं. मायला पहिल्या रातीपासून माहीत होतं. तिला वहिनीनं सांगितलं, आणि दोघींनी मिळून तोंड शिवून घेतलं. सांगितलं असतं तर अप्पा नको म्हणाले असते, मी नको म्हणलो असतो, आणि गहू वाळला असता. किंवा अप्पा फावडं घेऊन निघाले असते.

माय उठून किल्ली आणायला गेली. मागं दादानं विचारलं, कुलूप कुणी लावलं. अप्पा भिंतीला म्हणाले, 'धाकल्यानं लावलंय म्हणावं.'

दादा हसला म्हणे. 'हुशार हाय. तेलाच्या कंपनीत हाय न्हवं.'

किल्ली घेऊन तो वळला. पायऱ्या उतरून गल्लीत गेला, तेव्हा अप्पा मोठ्यानं मायला म्हणाले — इतक्या मोठ्यानं, की शेजारच्यांनी पण ऐकलं:

'त्याला म्हणावं, रातीचं कानटोपी घालून जात जा.'

 माय थांबली तरी मी फोन ठेवला नाही. मागं अप्पांच्या खोकल्याचा आवाज येत होता.

२६ जानेवारी

झेंडावंदन झालं, जिलेबी मिळाली. ऑफिसानं सुट्टी दिली, नंदीबैलांना नाही.

दत्तरावला कुलूप काढायला सांगायला फोन केला. म्हणाला, 'तुझ्या शंभूदादानं कवाच काढलं. काल रातीला वावर पुरं भिजलं.' म्हणलं, तुला माहीत होतं? 'गावात तुला सोडून समद्यांना म्हाईत व्हतं. तू लय लांबून बघायलास ना.'

मग अप्पांना लावला. आज त्यांनीच उचलला. विचारलं, गहू हिरवागार दिसत होता, तुमी विचारलं कसं नाही पाणी कोण देतं ते? आधी खोकले. मग म्हणाले, 'मला वाटलं, तूच परमेश्वरला रातीचं लावलंस. मनाला लय बरं वाटलं व्हतं. म्हणलं, आपला योग्या सुधरला.'

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

२८ जानेवारी

टाकीवर चढलो आणि पट्टी न सोडताच खाली उतरलो. परत चढलो.

३० जानेवारी

दादाचा नंबर मी त्या स्टेशनच्या दिवशीच ब्लॉक केला होता. आज काढला. त्यानं कधी लावला होता का, हे आता कळायला मार्ग नाही.

फोन लावावा, तर बोलावं काय? चुकलं म्हणायचं? आमच्या घरात असं कुणी म्हणत नाही. अप्पांना म्हणता येत नाही, ते कानटोपी म्हणतात. मला तर टोपी पण सुचत नाही. आणि दादा पण फोन उचलून 'बोल' म्हणून गप्प राहील. त्याचं ते 'बोल' मला माहीत आहे. त्याच्यापुढं भलेभले विसरतात.

ज्याला मी वायरमनपाशी चोर म्हणलो, तो चार रात्री कुलपापाशी येऊन माघारी गेला. दगड उचलून कुलूप फोडायला किती वेळ लागतो? फोडलं नाही त्यानं. दोन वर्षांत जो उंबरा चढला नाही, त्याच्यापुढं जाऊन उभा राहिला. चिखलाच्या पायानं.

हे मी पन्नास वेळा मनात म्हणून बघितलं. दर वेळी त्याचे पायच दिसतात.

२ फेब्रुवारी

आजपासून पाळी आमची.

स्टार्टरच्या पेटीला मालकाचा नंबर एकच लागतो. इतके दिवस माझा होता. सकाळी दत्तरावला सांगून माझा काढला, दादाचा टाकला. दत्तराव म्हणाला, 'आता तुला इथलं कायबी कळनार न्हाई बघ. लाईट आली का गेली, कोन चालू केली, कोन बंद केली.' म्हणलं, नको कळू दे.

त्यानं दादाला सांगितलं. दादा काय म्हणाला? 'हूं' म्हणाला.

३ फेब्रुवारी

सकाळी लिंबाखाली जाऊन उभा राहिलो. एक पण मेसेज नाही. चहा थंड होईपर्यंत उभा राहिलो. इतके दिवस राग यायचा त्या मेसेजचा, पण घरची विहीर रोज काहीतरी बोलायची तरी.

मायला विचारलं, रात्री पाणी चालू होतं का? म्हणाली, 'चालू व्हतं बाबा. अप्पा अंगणात बसून मोटारीचा आवाज ऐकत व्हते. आत चला म्हणलं तर म्हणे, थांब, शंभू माघारी येऊ दे.'

४ फेब्रुवारी

पगार झाला. मायचे मायला पाठवले.

मग मोबाईलवरून पैसे पाठवायला दादाचा नंबर टाकला. चिखलात घालायचे बूट आणि एक मोठी बॅटरी घे म्हणून पाठवावे म्हणलं. नाव आलं. शंभुराज गुरुसिद्धप्पा. मधे अप्पा. माझ्या नावात पण तेच मधे आहेत.

आकडा टाकला, पुसला. जास्त पाठवले तर म्हणेल, मजुरी देतो का मला? कमी पाठवले तर म्हणेल, एवढीच किंमत का? किती वेळ नुसतं टाकणं आणि पुसणं! शेवटी नव्या नंबरला पहिल्यांदा पाठवताना सगळे करतात तेच केलं. पोचतो का बघायला — एक रुपया.

५ फेब्रुवारी

दादाकडून आले! एकाचे दोन रुपये. खाली लिहिलंय, 'पोचला. जेवलास का योग्या'.

सकाळपासून चार वेळा पट्टी सोडली, चारही वेळा वाचायचीच राहिली.

आता परत पाठवायलोय. खाली लिहिलं, 'जेवलो. तू?'

आणि तीन रुपये.